चौथ्या मजल्यावरची गाठ

कॉरिडॉरमध्ये धुकं शिरलं आहे, असंच मला आधी वाटलं.

वाटायला कारणही होतं. सलालाह हे ओमानच्या दक्षिण टोकाचं शहर. जुलै-ऑगस्टात सगळं आखात तव्यासारखं तापलेलं असतं, तेव्हा या एवढ्याच पट्ट्यात डोंगरावरून धुकं उतरतं, दिवसभर झिमझिम असते आणि उंट हिरवळीत चरताना दिसतात. कुवेत, रियाध, दोहा इथली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं त्या गारव्यासाठी येतात. आमच्या हॉटेलात पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं काम म्हणजे खिडक्या सताड उघडणं. एसीत जन्म काढलेली माणसं ती, धुकं खोलीत आलं की त्यांना सण वाटायचा. आमच्या वाट्याला ओले गालिचे आणि दमट चादरी.

त्या दुपारी साडेतीनच्या सुमारास मी ४१२ नंबरच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून टॉवेलचा हत्ती करत होतो.

"अम्मो, याची सोंड पडते," नूफ म्हणाली. अम्मो म्हणजे काका. नूफ नऊ वर्षांची, कुवेतची. तिचा भाऊ राशिद सहा वर्षांचा आणि धाकटी शेखा तीन. आईवडील धबधबा बघायला डोंगरावर गेलेले. गुडघ्यांनी अधू झालेली आजी तिघांना घेऊन मागे राहिली होती. तिला सगळे उम्म सालेह म्हणत, म्हणजे सालेहची आई.

"सोंड पडते कारण तू ती नुसती गुंडाळतेस," मी म्हणालो. "शेवटचं टोक उलटं आत ढकलायचं. ढकल. आता बघ."

सोंड उभी राहिली. राशिदने टाळ्या वाजवल्या. आमचं बोलणं हिंदी, अरबी आणि हातवारे यांच्या खिचडीत चाले, इथे मी ते सरळ मराठीत लिहितो आहे. मी चौथ्या मजल्याचा सुपरवायझर होतो. राऊंड संपला की दहा मिनिटं त्या मुलांपाशी बसायचो. माझी थोरली मुलगी नूफच्या वयाची होती आणि धाकटीला मी अजून पाहिलंही नव्हतं.

तेवढ्यात अलार्म वाजला. अर्धं मिनिट वाजला आणि बंद झाला.

आम्ही कुणी मान वर केली नाही. धुकं आत आलं की छताला लावलेली धूर ओळखणारी यंत्रं चळायची. त्या सीझनला हे रोजचं झालं होतं, आणि रिसेप्शनवाला रोज बटण दाबून ते गप्प करायचा.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. गनीभाई होते. अब्दुलगनी सोलकर, आमच्या हाऊसकीपिंगचे प्रमुख, मूळचे राजापूरकडचे. साडेतीनशे माणसांच्या त्या हॉटेलात मराठी बोलणारे आम्ही दोघेच.

"अरे गिरपा, तुझ्या मजल्यावर कुणीतरी परत खिडकी उघडी टाकलीय. रिसेप्शनवाला माझ्या नावाने शंख करतोय. बघ जरा."

"बघतो, गनीभाई. हत्ती झाला की जातो."

"हत्ती? सुपरवायझर आहेस की माहूत?"

मी हसतच बाहेर आलो. कॉरिडॉर पांढुरका झाला होता. खिडकी खरंच उघडी होती. मी ती लावली, बोल्ट सरकवला आणि परत फिरलो. तेव्हा लक्षात आलं की धुकं खिडकीच्या बाजूने येत नव्हतं. ते समोरून, मोठ्या जिन्याकडून येत होतं.

आणि ते कोमट होतं.

धुकं गार असतं. मी तिथे उभा राहून हात पुढे केला, एखाद्याच्या कपाळाला ताप बघायला लावतात तसा. मग वास आला. जळक्या कापसाचा.

मी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "गनीभाई, हे धुकं नाही."

पलीकडून नुसता आरडाओरडा आणि मध्येच एक शब्द, "ड्रायर". तळमजल्यावरच्या लॉण्ड्रीतली कपडे वाळवायची मोठी यंत्रं सीझनमध्ये वीस-वीस तास चालत. त्यांच्या नळीत कापसाचा भुगा साचला होता आणि तो पेटला होता, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मोठा जिना धुराने भरला आहे आणि आता उतरायला मागचा जिनाच उरला आहे.

मागचा जिना डोळ्यांपुढे आला. त्या जिन्यात काय होतं ते मला ठाऊक होतं.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं.

आमच्या कॅन्टीनमध्ये एक मोठा पांढरा फळा होता. त्यावर दोन खांब काढलेले, निळा म्हणजे गेल्या वर्षीचे पाहुणे, लाल म्हणजे यंदाचे. माझं अक्षर आणि हात बरा, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला लाल खांब रंगवायचं काम जनरल मॅनेजर फादीसाहेबांनी मला दिलं होतं. चार वर्षं झाली, लाल निळ्याच्या वरच असायचा. देशात पर्यटन वाढत होतं, नवी हॉटेलं उठत होती, आणि आमचा खांबही चढत होता. रंगवून झालं की साहेब टाळ्या वाजवायचे, मग सगळेच वाजवायचे. खरं सांगतो, मला त्या खांबाचा अभिमान होता. जणू मीच तो हाताने वर ओढत होतो.

पाहुणे वाढले तशा खोल्या कमी पडू लागल्या. मग चौथ्या मजल्यावरची दोन कोठारं फोडून तिथे ४०९ आणि ४१० या खोल्या काढल्या. कोठारात राहणाऱ्या आठ घडीच्या खाटा उघड्यावर आल्या. मोठ्या कुटुंबांना संध्याकाळी त्या लागत, दिवसा ठेवायला जागा नाही. बैठकीत सगळे डोकं खाजवत होते तेव्हा मी हात वर केला.

"मागच्या जिन्यात, चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या टप्प्यावर ठेवू. सगळ्यात वरचा जिना तो. तिथे कोण येतं?"

"त्यांना चाकं आहेत. गडगडल्या तर?" कुणीतरी विचारलं.

"बांधून ठेवीन. माझ्या गाठीने बांधलेली होडी वादळात सुटत नाही."

आम्ही वेंगुर्ल्याचे गाबित. समुद्रावर वाढलेलो. वडिलांनी मला सात वर्षांचा असताना एक गाठ शिकवली होती, ओढाल तेवढी घट्ट होणारी. मी जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडल्या आणि खाटा एकमेकींना आणि कठड्याला त्या गाठीने बांधून टाकल्या. गनीभाईंनी येऊन पाहिलं. त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

"जिन्यात नको वाटतं रे, गिरपा."

"सीझनपुरतं, गनीभाई. दोन महिने."

ते बराच वेळ गाठ बघत राहिले. "बरं. ठेव," म्हणाले. त्या महिन्यात उत्तम कर्मचारी म्हणून माझा फोटो कॅन्टीनमध्ये लागला, फळ्याच्या शेजारी.

मी धावत ४१२ मध्ये आलो. उम्म सालेह पलंगाच्या कडेला बसली होती. माझा चेहरा बघून ती काठी शोधू लागली.

"चला. सगळे. आत्ता."

"आईबाबा आले?" राशिदने विचारलं.

मी हत्तीसकट जमिनीवरचे सगळे टॉवेल उचलले आणि न्हाणीघरात टबात बुडवले.

"माझा हत्ती!" राशिद किंचाळला.

"हत्तीला तहान लागलीय," मी म्हणालो. "पाणी पिऊन झालं की तो तुमच्या नाकावर बसणार. असा. सोडायचा नाही."

शेखाला आजीने एका हाताने छातीशी धरलं, दुसऱ्या हातात काठी. कॉरिडॉरमध्ये आता दिवे पिवळे, लांब, समुद्रातल्या बत्तीसारखे दिसत होते. बाकीच्या खोल्यांतली माणसं आमच्या पुढून पळत गेली होती, मागच्या दाराचं फळकूट अजून हलत होतं. मी भिंतीला हात लावून चाललो. भिंत चाचपायची वेळ येईल असं त्या चार वर्षांत कधी मनात आलं नव्हतं. रोज पुसून घेतलेल्या त्या भिंतीवर मी एक-एक दार मोजत होतो. ४१३. ४१४. ४१५.

दार ढकललं. जिन्यात धूर कमी होता, पण खालून वर चढत होता. आणि अकरा पायऱ्या खाली, टप्प्यावर, माझ्या खाटा.

पुढे गेलेल्या माणसांनी त्यांच्यावरून चढून, लाथाडून वाट काढली होती. त्या झटापटीत सात खाटा भिंतीकडे कलल्या होत्या आणि आठवी पुढच्या पायऱ्यांवर अर्धी लोंबकळत होती, एका पट्टीने कठड्याला अडकलेली, जिन्याच्या पूर्ण रुंदीत आडवी. धडधाकट माणूस तिच्यावरून उडी मारून गेला असता. पोरंही सरपटली असती. गुडघे न वाकणारी सत्तर वर्षांची बाई जाऊ शकत नव्हती.

मी उतरलो आणि पट्टी धरून ओढली. ती जागची हलली नाही. पुन्हा ओढली. पाय कठड्याला लावून ओढली. प्रत्येक हिसक्याने गाठ खड्यासारखी होत गेली.

खालून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि काळ्या धुराचा एक लोट वर आला.

आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी एक पाय त्या खाटेच्या लोखंडावर टाकला. नुसता पाय नाही, सगळं अंग पलीकडे झुकलं होतं. पलीकडे मोकळ्या पायऱ्या दिसत होत्या. मनात विचार असा काही नव्हता. पोटऱ्या, मांड्या, हात सगळे आपापलेच निघाले होते.

"अम्मो," मागून नूफ म्हणाली. टॉवेलमधून तिचा आवाज दबका येत होता. "आजी कशी येणार?"

मी पाय काढून घेतला. तो एवढा थरथरत होता की खाट वाजू लागली.

त्या थरथरीत मला वडील ऐकू आले. जाळ्याशी झटापट करणाऱ्या सात वर्षांच्या मला ते म्हणाले होते, "ओढून गाठ सुटणा नाय, झिला. तेका ढील दी."

ढील द्यायची म्हणजे वजन उलट्या बाजूला ढकलायचं. मी खाली वाकून खाटेखाली खांदा घातला आणि ती वर रेटली. पट्टी सैल झाली. पण माझे दोन्ही हात खाटेला होते. सोडले तर खाट खाली, आणि गाठ पुन्हा घट्ट.

"नूफ, इकडे ये. माझ्या हाताशी. पट्टीची गाठ दिसते?"

"डोळे चुरचुरतात."

"माझेही. डोळे मीट, बोटांनी बघ. गाठीतून एक छोटं टोक बाहेर आलंय. हत्तीची सोंड समज."

"सापडली."

"ती ओढायची नाही."

"मग?"

"मगाशी काय केलंस? उलटी आत ढकल."

"जात नाही, अम्मो."

"घाई नाही," मी म्हणालो. घाई नाही! माझ्या खांद्याचं हाड कडकडत होतं, मागे राशिद खोकून खोकून रडायला लागला होता, शेखाचा आवाज तर बंदच झाला होता. "घाई नाही, बाळा. थोडी डावीकडून बघ. मी खाट आणखी वर घेतो. आता?"

"थोडी गेली."

"शाब्बास. आणखी. गाठीच्या पोटात भोक झालं का?"

"हो."

"त्यात बोट घाल आणि हुकासारखं वाकव."

तिने वाकवलं. पट्टी सुटली. मी बाजूला झालो आणि खाट धडधडत खाली जाऊन वळणावर भिंतीला आपटून उभी राहिली. शेजारून माणूस जाईल एवढी वाट झाली.

उम्म सालेहने काठी टाकून दिली. ती पायरीवर बसली आणि बसल्या बसल्या, शेखाला मांडीत घेऊन, एक-एक पायरी खाली घसरू लागली. मी पुढून तिचे पाय धरले. राशिद माझ्या शर्टाला लोंबकळत होता. नूफ मागे राहून पायऱ्या मोजत होती, मोठ्याने, अरबीत. तिचं मोजणं थांबलं की माझं काळीज थांबायचं. सत्त्याहत्तरला आम्ही बाहेर आलो.

बाहेर धुकं होतं. गार.

कुणी मेलं नाही. लॉण्ड्रीतल्या एका माणसाचा हात भाजला. उम्म सालेह अकरा दिवस हॉस्पिटलात होती. मुलं दुसऱ्याच दिवशी खेळायला लागली. त्यांच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. त्याआधी फादीसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "गिरप, तू हिरो आहेस. तुझ्यासाठी सन्मानपत्र छापायला दिलंय. हिरोने कमीच बोलावं."

हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत आम्हा दहा-बारा जणांना उभं केलं होतं. सरकारी अधिकारी वयस्कर, शांत गृहस्थ होते, आवाज चढवत नव्हते. त्यांच्यापुढे टेबलावर एक पारदर्शक पिशवी होती. त्यात चादरीची पट्टी आणि तिच्यावर माझी गाठ. नूफने सोडवली ती एकच, बाकीच्या तशाच राहिल्या होत्या.

"हॉटेलचं म्हणणं आहे की जिना मोकळा ठेवायचा लेखी हुकूम होता," ते म्हणाले. "जिना अडवणं हा गुन्हा आहे. मला एवढंच सांगा, ही गाठ कुणाची?"

खोलीत एसीचा आवाज येत होता. टेबलाच्या कडेला चहाचा एक गोल डाग होता आणि माझं लक्ष त्याच्यावरून हलत नव्हतं. तुरुंग दिसत होता. न पाहिलेली मुलगी दिसत होती. जिन्यात पाय थरथरला होता, इथे तर मी गोठलो होतो. बोल, असं मी स्वतःला सांगत होतो. आता बोल. आता.

"माझी," गनीभाई म्हणाले.

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्या कोकणात समुद्रकाठची माणसं अशीच बांधतात. खाटा तिथे मीच ठेवायला सांगितल्या. विभाग माझा आहे."

अधिकाऱ्यांनी आणखी एकदा आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती जरा थांबली, की मला तसं वाटलं, कोण जाणे. मग त्यांनी लिहून घेतलं.

गनीभाईंना सहा आठवडे आत ठेवलं. मग पासपोर्टवर शिक्का मारून विमानात बसवलं. बावीस वर्षं झाली होती त्यांना तिथे. त्यांची ट्रंक मीच भरली. भरताना आम्ही इस्त्रीबद्दल बोललो, पांढऱ्या शर्टाची घडी कशी मोडत नाही त्याबद्दल.

एक तारखेला फादीसाहेबांनी मला लाल रंगाची बाटली दिली. आग लागूनही पाहुणे वाढलेच होते. मी खांब रंगवला. रंग रेषेबाहेर गेला, तो मी ओल्या फडक्याने पुसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी तिथे अकरा वर्षं काढली. सन्मानपत्र घरी भिंतीवर लागलं. गनीभाईंना ईदला पत्र टाकायचो, त्यांचं उत्तर यायचं, तब्येत बरी, आंबा बरा, कळावे. भेटायला गेलो नाही. वेंगुर्ल्याहून राजापूर काही लांब नाही. कायमचा परत आल्यावरही दोन वर्षं गेलो नाही.

घरी बसून काय करायचं, म्हणून संध्याकाळी गावातल्या मुलांचा अभ्यास घेऊ लागलो. एका पंधरा ऑगस्टला हेडमास्तरांनी मला शाळेत बोलावलं, आगीतून मुलांना वाचवणारे आपल्या गावचे शूर गृहस्थ म्हणून ओळख करून दिली. मुलांनी प्रश्न विचारले. आग केवढी होती, हत्ती कसा करतात. चौथीतली एक मुलगी, अनुष्का मोर्जे, उभी राहिली.

"आजोबा, तुम्हाला भीती वाटली?"

"वाटली तर. खूप वाटली."

"मग गेली कधी?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. हेडमास्तरांना वाटलं माझा कंठ दाटून आला. त्यांनी मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.

पुढच्या रविवारी मी राजापूरची एसटी पकडली.

गनीभाई पडवीत खुर्चीवर बसले होते. केस सगळे गेले होते, पण शर्ट पांढरा, घडी शाबूत.

"गिरपा! अरे, दाढी पिकली की माहुताची," ते म्हणाले आणि आत हाक मारली, "सूनबाई, चहा टाका. ओमानचा पाहुणा आलाय."

चहा आला, संपला. मी खाली बघत होतो.

"गनीभाई, त्या दिवशी मी..."

"मी वीस मोजले," ते म्हणाले.

"काय?"

"त्या साहेबाने विचारलं, ही गाठ कुणाची. मी मनात मोजायला लागलो. म्हटलं, वीसपर्यंत थांबू. गिरप बोलेल. पंधरापर्यंत मला खात्री होती." त्यांनी कप बशीत नीट ठेवला. "मग वीस झाले."

मला वर बघवेना. शेजारच्या घरी कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा ठकठक आवाज येत राहिला.

"तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"अंगावर काय घेतलं? तू विचारलंस तेव्हा 'ठेव' मीच म्हटलं होतं. मनात नको होतं, तरी म्हटलं. ते खोटं नव्हतं." ते थोडं पुढे झुकले. "खोटं एकच बोललो. गाठ. अरे, माझा बाप मास्तर होता. आम्ही खाडीकाठचे असलो तरी होडीत कधी बसलो नाही. मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. त्या साहेबाने म्हटलं असतं, बांधून दाखव, तर काय केलं असतं मी? सहा आठवडे रोज सकाळी दार वाजलं की मला वाटायचं, आला पट्टी घेऊन. स्वप्नात यायची ती गाठ. अजून येते."

ते उठले. आतून शोधून एक सुतळी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली.

"शिकव."

"आता?"

"आता नाही तर कधी? तू तेरा वर्षांनी आलायस."

मी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. सुतळी खांबाला अडकवली आणि एकदा सावकाश बांधून दाखवली. त्यांची बोटं जाड झाली होती, थोडी कापतही होती. पहिल्या वेळी टोक भलत्याच बाजूला गेलं. दुसऱ्या वेळी गाठ आली, पण उलटी. ती सोडवताना ते रागाने हिसके देऊ लागले.

"ओढू नका, गनीभाई," मी म्हणालो. "ढील द्या. घाई नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा सुतळीकडे. टोक उलटं आत ढकललं. गाठ सुटली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, ओठ हलवत, जणू मनात काही मोजत.

या वेळी ती जमली. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून बघितली. ती घट्ट बसली.

ते मागे टेकले आणि रस्त्याच्या दिशेने, कुणीतरी यायचंच आहे तसे बघत राहिले.

"आता येऊ दे त्याला," गनीभाई म्हणाले. "विचारू दे."